सह्यांच्या गठ्ठ्याने कुणी संत होत नाही: इंदूरच्या मराठी कॅथलिकांना खुलं पत्र

प्रिय बंधू-भगिनींनो,

जय येसू!

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात सध्या जो वाद चालतो, त्यात तीन पक्ष दिसतात. पहिला म्हणतो, धन्यवादित (म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर असलेल्या) सिस्टर राणी मारिया यांना ताबडतोब संत करा, सह्या जमवा, रोमला पाठवा. दुसरा म्हणतो, बाई चांगल्या होत्या, पण सावकार-शेतकऱ्यांच्या भांडणात मारल्या गेल्या, त्यात संतपद कुठून आलं? तिसरा मोठ्याने बोलत नाही, पण चहा पिताना हळूच विचारतो की दर वेळी केरळचंच नाव का निघतं, आपल्या मराठी माणसांत कुणी पुण्यवान झालंच नाही का. हे पत्र तिघांनाही आहे. या प्रकरणांची कागदपत्रं, साक्षी आणि त्यांची भाषांतरं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, असे आम्ही काही जण ते लिहीत आहोत.

आधी सह्यांचं सांगून टाकतो. संतपदाच्या प्रक्रियेत मतदान नसतं. पाच हजार सह्या आल्या म्हणून फाइल पुढे सरकत नाही. रोममध्ये एक गोष्ट मात्र जरूर पाहिली जाते, ती म्हणजे त्या व्यक्तीच्या पावित्र्याची ख्याती लोकांमध्ये आपसूक पसरली आहे का, की कुणीतरी मुद्दाम उभी केली आहे. एकाच छापील मजकुराखाली, एकाच रविवारी, दारात टेबल लावून घेतलेल्या सह्या हा 'उभ्या केलेल्या' ख्यातीचा पुरावा ठरू शकतो. उत्साहाने केलेली मोहीम अशी उलटी पडते. त्याऐवजी वीस माणसांनी आपापल्या अक्षरात, आपापल्या शब्दांत लिहिलेली वीस पत्रं शंभर पट कामाची.

आता प्रकरण नेमकं कुठे आहे ते पाहू, कारण अर्धा वाद अपुऱ्या माहितीवर चालतो. सिस्टर राणी मारिया फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. जन्म २९ जानेवारी १९५४, केरळातल्या पुल्लुवळी गावी. बिजनोर आणि सतना भागात काम केल्यावर १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार झाले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. पोप फ्रान्सिस यांनी २३ मार्च २०१७ रोजी त्यांचं रक्तसाक्षित्व, म्हणजे श्रद्धेपायी आलेलं मरण, मान्य केलं आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इथे इंदुरातच कार्डिनल आमातो यांनी त्यांना धन्यवादित घोषित केलं. रक्तसाक्षी ठरल्यामुळे तोवर चमत्काराची गरज पडली नाही. पण संतपदासाठी रूढ नियमाने एक चमत्कार लागतो, आणि तो ४ नोव्हेंबर २०१७ नंतर घडलेला असावा लागतो. त्याआधीचा अनुभव कितीही मोठा असला तरी या कामी चालत नाही. पोपना सूट देता येते. संत जोसेफ वाझ यांच्या वेळी २०१५ मध्ये ती दिली गेली. पण सूट गृहीत धरून कुणी घरी बसत नाही.

दुसऱ्या पक्षाचा प्रश्न आम्हाला खरोखर महत्त्वाचा वाटतो, आणि तो विचारणाऱ्यांना 'श्रद्धाहीन' म्हणणं आम्हाला पटत नाही. रक्तसाक्षी ठरण्यासाठी मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असावा लागतो. उदयनगरात सिस्टर कर्जबाजारी आदिवासींना बचत शिकवत होत्या, सरकारी योजना समजावत होत्या. त्यामुळे ज्यांचं व्याज बुडत होतं त्यांचा राग त्यांच्यावर होता. मग हा द्वेष श्रद्धेचा की व्याजाचा?

हाच पेच दुसऱ्या नावाने आधीही आला आहे. माक्सिमिलियन कोल्बे यांनी आउशवित्झच्या छळछावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करलं. १९७१ मध्ये त्यांना धन्यवादित केलं ते रक्तसाक्षी म्हणून नव्हे, कारण मारणाऱ्यांनी त्यांना श्रद्धेच्या द्वेषापायी मारलं असं सिद्ध होत नव्हतं. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्याच मंडळाचा सल्ला बाजूला ठेवून त्यांना रक्तसाक्षी म्हणून संत केलं. साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करताना मारले गेले. त्यांना मारणारे स्वतः बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक. ते राजकारणापायी मेले, श्रद्धेपायी नाही, असं म्हणणाऱ्यांत बिशपही होते, आणि प्रकरण वर्षानुवर्षं अडून राहिलं. शेवटी ३ फेब्रुवारी २०१५ रोजी निर्णय आला की श्रद्धेतून उगवलेल्या न्यायाच्या कामाचा द्वेष हाही श्रद्धेचाच द्वेष. त्याहून जुनं उदाहरण बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं. हेरोदाने त्याला देव मानतो म्हणून मारलं नाही, भावाची बायको ठेवणं पाप आहे असं तोंडावर सांगितलं म्हणून मारलं. तरी चर्चने त्याला पहिल्यापासून रक्तसाक्षी मानलं.

सिस्टर राणी मारियांचं प्रकरण याच वाटेने गेलं. आमच्या मते निर्णय बरोबर आहे. पण 'त्या समाजसेविका होत्या, म्हणून संत' असं कुणी म्हणत असेल तर तो आपलंच प्रकरण कमकुवत करतो. समाजसेवा हजारो लोक करतात. सिस्टरांची प्रार्थना, त्यांचं व्रत आणि धमक्या येत असताना तिथेच राहण्याचा निर्णय यांची जोड दाखवावी लागते, आणि ती कागदावर दाखवावी लागते.

मारेकऱ्याच्या पश्चात्तापाबद्दलही असाच घोळ होतो. सिस्टरांच्या बहिणीने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, २००६ मध्ये तो सुटला, पुढे त्याने मन बदलल्याचं उघड सांगितलं. ही फार मोठी गोष्ट आहे. तरी ती रक्तसाक्षित्वाचा पुरावा नाही आणि चमत्कारही नाही. क्षमा करणाऱ्या कुटुंबाचं ते मोठेपण आहे. भाषणांत या तिन्ही गोष्टी एकत्र कालवल्या जातात आणि ऐकणाऱ्यांची समजूत होते की सगळं सिद्ध झालंय.

घाईचंही बोलू. २००५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीला लोकांनी 'आत्ताच संत करा' असे फलक धरले. मृत्यूनंतर पाच वर्षं थांबायचा नियम त्यांच्यासाठी सोडला गेला आणि २०१४ मध्ये ते संत झाले. २०२० मध्ये लैंगिक शोषणाच्या आरोपांत सापडलेल्या अमेरिकेच्या कार्डिनल मॅकॅरिक यांच्या प्रकरणाचा अहवाल आला आणि पोप जॉन पॉल यांनी केलेल्या काही नेमणुकांबद्दल नवे प्रश्न उभे राहिले. ते संत नाहीत असं आमचं म्हणणं नाही. पाच वर्षं कशासाठी असतात, एवढंच त्यातून दिसतं. त्याहून बोचरं उदाहरण ज्याँ व्हानिए यांचं. अपंगांसाठी आयुष्य वेचणारा हा माणूस २०१९ मध्ये वारला तेव्हा कितीतरी लोक त्याला संत म्हणत होते. वर्षही उलटलं नाही तोच त्याच्याच संस्थेने केलेल्या चौकशीत त्याने स्त्रियांचं शोषण केल्याचं बाहेर आलं. पीडितांना बोलायला वेळ लागतो. प्रक्रिया सावकाश असते ती त्यांच्यासाठीही.

आपले मराठी शेजारी विचारतात, तुकोबांना कुठे कुणी सर्टिफिकेट दिलं होतं? खरं आहे. आपल्या चर्चमध्येही पहिली हजारेक वर्षं असंच चालत होतं, लोक मानत आणि स्थानिक बिशप संमती देत. पोपनी स्वतः संत घोषित केल्याची पहिली पक्की नोंद इ. स. ९९३ ची, आउग्सबुर्गच्या उलरिख यांची. मग बाराव्या शतकात पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या कानावर आलं की स्वीडनमध्ये दारूच्या नशेत मारल्या गेलेल्या एका माणसाला लोक रक्तसाक्षी म्हणून पूजतायत. त्यांनी खरमरीत पत्र लिहिलं, आणि १२३४ पर्यंत हा अधिकार रोमने आपल्याकडेच ठेवल्याचं कायद्यात पक्कं झालं. लोकांचं प्रेम खरं असतं, पण त्याला चौकशीची जोड नसली की असंही होतं.

तर मग आता करायचं काय? चमत्कार म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक कसं वाया जातं ते आधी समजून घ्या.

बहुतेक वेळा प्रकरण आजार बरा झाल्याचं असतं. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लांबेर्तिनी यांनी (पुढे तेच पोप बेनेडिक्ट चौदावे झाले) घातलेल्या कसोट्या आजही वापरात आहेत. आजार गंभीर हवा, आपोआप उतरणीला लागलेला नसावा, औषध दिलेलं नसावं किंवा दिलं तरी त्याचा गुण आलेला नसावा. बरं होणं अचानक हवं, पूर्ण हवं आणि टिकाऊ हवं. रोममधल्या वैद्यकीय मंडळात सात डॉक्टर बसतात. २०१६ च्या नियमांनुसार सातांपैकी किमान पाच, किंवा सहाच हजर असतील तर चार जणांनी 'आजच्या वैद्यकशास्त्राने याचा उलगडा होत नाही' असं म्हणावं लागतं. 'चमत्कार' हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत. ते काम पुढे ईशज्ञान्यांचं (धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचं), मग कार्डिनल-बिशपांचं आणि शेवटी पोपचं. एकच प्रकरण फार तर तीनदा तपासलं जातं.

या कसोट्यांपुढे आपली प्रकरणं कुठे अडखळतात? केमोथेरपी चालू असताना गाठ गेली, तर प्रश्न संपला. देव काम करत नाही असं नाही, पण कुणी काय केलं हे वेगळं काढता येत नाही. मदर तेरेसांच्या पहिल्या चमत्काराचा वाद आठवा. उत्तर बंगालमधल्या एका आदिवासी बाईंच्या पोटातली गाठ १९९८ मध्ये गेली. रोमने ते मान्य केलं, मदर २००३ मध्ये धन्यवादित झाल्या. पण तिथल्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं की ती क्षयाची गाठ होती आणि औषधांनी गेली. तो वाद आजही मिटलेला नाही. दुसरा चमत्कार ब्राझीलचा. मेंदूत अनेक ठिकाणी पू झालेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या तोंडावर शुद्धीवर आला. आधीचे आणि नंतरचे स्कॅन हाताशी होते, आणि त्यावर तितकी बोंब झाली नाही.

कागद टिकत नाहीत ही आपल्याकडची दुसरी रड. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांना दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच जपावी लागतात. त्यानंतर ती मिळतीलच असं नाही. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात, म्हणून लेखी मागा आणि पोच घ्या. ईसीजी आणि सोनोग्राफीची पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते. दोन-तीन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते आणि रेघ पुसट होते, लॅमिनेशन केलं तर त्या गरमीनेच काळी होते. तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ प्रत अंधारात, कोरड्या पाकिटात ठेवा. एमआरआय आणि सीटी स्कॅनची नुसती फिल्म घेऊन गप्प बसू नका, सीडी मागा आणि तिची नक्कल पेन ड्राइव्हवर करून ठेवा. बायोप्सी झाली असेल तर प्रयोगशाळेतल्या मेणाच्या ठोकळ्याचा आणि काचपट्टीचा नंबर लिहून ठेवा. रोममधला तज्ज्ञ अहवालावर विसंबत नाही, काचपट्टी स्वतः पाहायला मागू शकतो.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत निष्पाप. घरात कुणी आजारी पडलं की आपण वेलंकनी मातेला नवस बोलतो, संत अंतोनीची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतो, केरळच्या संत अल्फोन्सांच्या कबरीवरचं तेल आणतो, आणि जोडीला उदयनगरलाही जाऊन येतो. माणूस बरा झाला तर श्रेय कुणाला? मध्यस्थी नेमकी कुणाची मागितली, कधी, कुणी, कोणत्या शब्दांत, हे दाखवता आलं नाही तर ईशज्ञान्यांच्या टेबलावर प्रकरण तिथेच थांबतं. ज्यांना सिस्टर राणी मारियांच्याच मध्यस्थीने मागायचं आहे, त्यांनी त्या दुखण्यापुरतं त्यांच्याकडेच मागावं आणि प्रार्थना सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी. पवित्र मरियेची माळ म्हणायला अर्थातच कुणाची बंदी नाही!

आणि चौकशी कुठे होते? जिथे बरं होण्याची घटना घडली त्या धर्मप्रांतात. तुमची वसईची मावशी बरी झाली असेल तर ते प्रकरण इंदूरच्या नाही, वसईच्या बिशपांच्या अखत्यारीत जातं. बिशपांचा प्रतिनिधी, नियमांवर नजर ठेवणारा न्यायप्रवर्तक, नोटरी आणि एक डॉक्टर साक्षी घेतात. शिवाय दोन स्वतंत्र डॉक्टर बऱ्या झालेल्या माणसाला तपासतात, गुण टिकला आहे का ते पाहायला. इंदुरात नातेवाइकाकडे आलेल्या मावशीची साक्ष इथेच उरकू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता तिसऱ्या, हळू बोलणाऱ्या पक्षाकडे येतो. संत ठरलेल्यांत अल्फोन्सा (२००८), चावरा आणि युफ्रेसिया (२०१४), मरियम थ्रेसिया (२०१९) हे चौघे केरळचे, ही गोष्ट खरी. त्याचं कारण मात्र पुण्याच्या प्रमाणात शोधू नका. या चौघांमागे एकेक संन्यस्त संघ उभा होता. संघ मरत नाही. त्याच्याकडे डायऱ्या, पत्रं, मठाच्या वह्या राहतात, पोस्ट्युलेटर (प्रकरण पुढे चालवणारा) नेमायला माणूस आणि पैसा राहतो. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया, भारतात जन्मलेले पहिले संत, १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर गेले, १६२७ मध्ये धन्यवादित आणि १८६२ मध्ये संत झाले, तेही फ्रान्सिस्कन संघ पाठीशी होता म्हणून. खेड्यापाड्यांत तीस-चाळीस वर्षं धर्मशिक्षण देणाऱ्या मराठी मास्तरांच्या मागे कोण होतं? बायको, मुलं आणि एक पत्र्याची पेटी. मुलं शहरात गेली, पेटी रद्दीवाल्याकडे गेली.

संघाशिवाय होतच नाही असंही नाही. देवसहायम हे संसारी गृहस्थ, १७५२ मध्ये मारले गेले, २०२२ मध्ये संत झाले. ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ च्या हिंसाचारात मारल्या गेलेल्या ३५ जणांचं प्रकरण सुरू करायला २०२३ मध्ये रोमने 'हरकत नाही' कळवलं, आणि त्यातले बहुतेक साधे गावकरी आहेत. दोन्हीकडे धर्मप्रांत उभा राहिला. मराठी नाव पुढे यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी केरळवर रुसण्यापेक्षा अशी एक पेटी रद्दीत जाण्याआधी उघडावी. मृत्यूला तीस वर्षं उलटून गेल्यावर अर्जी दिली तर उशीर का झाला, त्यात काही लपवाछपवी नाही ना, याची बिशपांना खात्री करून घ्यावी लागते. तोवर डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदारही उरत नाहीत. म्हणून ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे आधी जा.

काही गोष्टी मात्र करूच नका. ज्यांचं प्रकरण सुरूही झालेलं नाही, त्यांच्या फोटोला वलय लावू नका, फोटो वेदीवर ठेवू नका, त्यांच्या नावाने चर्चमध्ये जाहीर नोव्हेना लावू नका. सतराव्या शतकात पोप उर्बन आठवे यांनी घातलेला हा नियम अजून लागू आहे. अनधिकृत जाहीर उपासना झालेली नाही, हे धर्मप्रांताला लेखी सांगावं लागतं. भक्तांनी प्रेमाने लावलेलं सोनेरी वलय त्या ठिकाणी आड येतं. घरात, खाजगी प्रार्थनेत काय हवं ते मागा. सिस्टर राणी मारियांसाठी वलय आणि २५ फेब्रुवारीचा सण आता चालतो, पण फ्लेक्सवर 'संत' छापू नका आणि नव्या प्रार्थनालयाला त्यांचं नाव द्यायचं तर आधी रोमची परवानगी लागते. त्यांच्या वस्त्राचा तुकडा किंवा 'रक्ताची माती' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. अवशेष विकायला चर्चच्या कायद्यात सक्त मनाई आहे. प्रकरणासाठी देणगी दिली तर पावती घ्या. २०१६ पासून प्रत्येक प्रकरणाच्या निधीचा हिशेब दरवर्षी तपासला जावा असा नियम आहे.

आणि दुसऱ्या पक्षाला खास विनंती. तुमची हरकत चहाच्या टपरीवर वाया घालवू नका. ती लिहून बिशपांना द्या. चौकशीत विरोधी साक्षीदारांना बोलावणं हे नियमाने बंधनकारक आहे, आणि ज्या प्रकरणात एकही उलटी साक्ष नाही ते रोममध्ये संशयाने पाहिलं जातं. तुमची हरकत टिकली तर चर्च एका चुकीपासून वाचेल, आणि नाही टिकली तर उत्तर कायमचं फायलीत राहील.

साक्ष लिहिताना मराठीतच लिहा. येत नसलेल्या इंग्रजीत लिहू नका. भाषांतर करायला शपथ घेतलेला भाषांतरकार असतो आणि रोमला मूळ मजकूरही हवा असतो. 'त्या फार प्रेमळ होत्या' या वाक्याचा काही उपयोग नाही. कोणत्या साली, कोणत्या गावी, कुणासमोर, काय बोलल्या, काय केलं, ते लिहा. स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव वेगळं ठेवा, ऐकीव असेल तर कुणाकडून ऐकलं ते नाव द्या. त्यांचा राग, हट्ट, चूक आठवत असेल तर तीही लिहा. पानाच्या एकाच बाजूला लिहा, प्रत्येक पानावर सही आणि तारीख घाला, खाडाखोड झाली तर तिच्या शेजारीही सही करा. झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा आणि मूळ प्रत बंद पाकिटात बिशप हाउसमध्ये हातोहात देऊन पोच घ्या.

आपले,
इंदुरातील काही मराठी भाषक कॅथलिक